संगणकाची कोठी बदलताना

(कारंजा घाडगे येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मागच्या महिन्यात वर्ग सुटल्यावर एक काकाजी मागे थांबले. आम्हाला म्हणाले, "गुरुजी, घरचा कम्प्युटर लय हळू चालून राह्यला. बटन दाबलं की चहा होऊन जाते, पण तो काही उठत नाही. पोरगा म्हणते नवा घ्या. दुकानदार म्हणते हार्ड डिस्क बदला. काय करू सांगा."

प्रश्न चांगला आहे. आज आपल्या कारंज्यात आणि आसपासच्या खेड्यांत पुष्कळ घरी संगणक आहे. कोणी मुलाच्या शिक्षणासाठी घेतला. कोणी संत्र्याचा हिशेब ठेवतो. कोणाच्या घरी लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच आहेत. म्हणून आज आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. हार्ड डिस्क म्हणजे काय, ती केव्हा बदलावी, कशी बदलावी, आणि बदलण्याआधी काय करावे, हे आपण समजून घेऊ.

संगणकाच्या पेटीत मुख्य गोष्टी तीन. त्या आपल्या घरासारख्याच आहेत.

पहिला कारभारी. तो हिशेब करतो. त्याचे नाव प्रोसेसर.

दुसरी बैठक. कारभारी ज्या कामाला बसला आहे, त्याचे कागद बैठकीवर पसरलेले असतात. तिचे नाव रॅम. वीज गेली की ही बैठक रिकामी होते.

तिसरी कोठी. आपण दाणे कोठीत भरून ठेवतो ना, तशी ही. फोटो, हिशेब, पत्रे, मुलांचा अभ्यास, आणि संगणक चालवणारा सगळा मजकूर हिच्यात असतो. वीज गेली तरी कोठीतला माल जागेवर राहतो. हीच हार्ड डिस्क.

कोठी बदलायची म्हणजे काय, हे आता तुमच्या ध्यानात येईल. मालासकट कोठी उचलून बाहेर ठेवायची. मग आतला माल कोठे जाणार? हे न विचारता आम्ही एकदा मोठी चूक केली. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक आजी येत असत. वय साठीच्या पुढे. सहा महिन्यांत त्या लिहायला शिकल्या. त्यांनी पहिले पत्र लिहिले ते मुलाला. मुलगा पुण्याला कामाला होता. पत्रात फार काही नव्हते. विहिरीला पाणी आहे, शेळी व्याली, तू दिवाळीला का आला नाहीस, एवढेच होते. आम्ही म्हणालो, "आजी, पत्र टपालात टाकू." त्या म्हणाल्या, "नाही बाप्पा. तो आला की मीच त्याले वाचून दाखवीन." पत्र आमच्यापाशी राहिले.

वर्गातल्या सगळ्यांच्या पहिल्या पत्रांचे फोटो काढून आम्ही संगणकात ठेवले. कागद फळीवर ठेवले. पावसाळ्यात फळीला उधई लागली. कागद गेले. आम्ही म्हणालो, "जाऊ द्या, संगणकात तर आहेत."

पुढे तो संगणक मंद झाला. आम्ही तो दुरुस्तीला दिला. कारागिराने नवी डिस्क बसवली आणि विचारले, "जुन्यातलं काही पाहिजे का?" आम्ही घाईत होतो. म्हणालो, "काही नको. सगळं जुनंच आहे." त्याने जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावली. त्याचा दोष नाही. त्याने विचारले होते. दोष आमचा.

त्यानंतर काही महिन्यांनी आजींचा मुलगा आमच्या दारी आला. आजी वारल्या होत्या. तो म्हणाला, "गुरुजी, मायच्या हातचं लिहिलेलं तुमच्यापाशी आहे म्हणतात. तेवढं द्या." आमच्यापाशी द्यायला काही नव्हते. तो काही बोलला नाही. पाणी प्याला आणि गेला.

म्हणून पहिला नियम सांगतो. आधी नक्कल, मग बदल. बाकीचे सगळे विसरलात तरी चालेल, पण हा नियम विसरू नका.

आता नक्कल कशाची करावी? कोठीतल्या मालाचे दोन भाग करा. एक भाग पुन्हा मिळतो, दुसरा मिळत नाही.

सात-बाऱ्याचा उतारा पुन्हा मिळतो. २०१८ सालापासून तो डिजिटल सहीचा निघतो. आधारचा कागद पुन्हा निघतो. सिनेमा आणि गाणी तर कोठेही मिळतात. पण तुमच्या आंबिया आणि मृग बहाराचा हिशेब दुसऱ्या कोणापाशी नाही. पोळ्याला सजवलेल्या तुमच्या गवळाऊ जोडीचा फोटो सरकारी कचेरीत मिळणार नाही. आईचा आवाज, बापाचा फोटो, हातचे पत्र, हे एकदा गेले की गेले. आधी नक्कल करायची ती यांची.

नक्कल दोन ठिकाणी करा. एक बाहेरून तारेने लावायच्या डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा नात्यातल्या माणसाच्या संगणकावर. नक्कल झाली की उघडून पाहा. नुसते नाव दिसले म्हणून समाधान मानू नका. फोटो उघडतो का? हिशेबाचे आकडे दिसतात का? पोत्यावर 'तूर' लिहिले आहे म्हणून आपण तूर घेत नाही. हात घालून पाहतो. तसेच हे.

आता कोठ्यांचे प्रकार पाहू. प्रकार दोन आहेत.

पहिला जुना प्रकार. हिच्यात गुळगुळीत चकत्या असतात. त्या एका मिनिटात ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. चकतीवर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते. तिच्या टोकाने लिहिले आणि वाचले जाते. हे टोक चकतीला टेकत नाही. दोघांमधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून कमी असते. म्हणून चालू संगणकाला धक्का लागू देऊ नये. टोक चकतीला घासले तर तेवढे लिखाण गेले.

ही डिस्क प्रथम १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने बाजारात आणली. तिच्यात ५० चकत्या होत्या. प्रत्येक चकती २ फूट रुंद. ते यंत्र कपाटाएवढे होते आणि त्याचे वजन एका टनाच्या आसपास होते. एवढ्या यंत्रात ५० लाख अक्षरे मावत. आजच्या फोनने काढलेला एखादा फोटोच त्याला भरून टाकील. आज तळहाताएवढ्या डिस्कवर त्याच्या लाखो पट माल मावतो.

दुसरा नवा प्रकार. त्याला एसएसडी म्हणतात. हिच्यात फिरणारे काही नाही. सगळे काम चिपमध्ये होते. दांडी सरकायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून ती फार चपळ असते. काकाजींच्या संगणकासारखा जुना संगणक पुष्कळदा नुसत्या एसएसडीने पुन्हा कामाला लागतो. मात्र एक ध्यानात ठेवा. जुनी डिस्क बिघडताना पुष्कळदा कुरकुर करते, टकटक वाजते. एसएसडी काही न सांगता एकदम बंद पडू शकते. म्हणून नवी बसवली तरी नक्कल ठेवावीच लागते.

डिस्क केव्हा बदलावी?

कोठी भरली असेल तर दुसरी कोठी जोडावी. टेबलावरच्या मोठ्या पेटीच्या संगणकात दुसरी डिस्क ठेवायला बहुधा जागा असते. लॅपटॉपमध्ये बहुधा एकच जागा असते. तेथे जुनी काढून मोठी बसवावी लागते.

संगणक मंद झाला असेल तर एसएसडी बसवावी आणि संगणक चालवणारा मजकूर तिच्यावर घ्यावा. पण आधी पाहा, बैठक तर लहान नाही? रॅम फार कमी असेल तर नुसती कोठी बदलून पुरे होत नाही.

आणि डिस्क टकटक वाजत असेल, कागद उघडेनासे झाले असतील, तर उद्याची वाट पाहू नका. आजच नक्कल करा.

नवीन संगणकच का घेऊ नये, असे कोणी विचारील. पैसा असेल आणि गरज असेल तर घ्यावा. पण आपला हा वर्धा जिल्हा आहे. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. आलेल्या पत्रांची पाकिटे उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत असत. एक भाग बदलून वस्तू चालत असेल तर सगळी वस्तू फेकू नये, ही शिकवण आपल्या घरची आहे.

आता खरेदी. मोठ्या खरेदीला आपण नागपूरला सीताबर्डीला जातो. हमरस्त्याने अर्धा दिवस मोडतो. चुकीची वस्तू आणली तर पुन्हा फेरी पडते. म्हणून निघण्याआधी जुन्या डिस्कच्या चिठ्ठीचा फोटो काढून बरोबर न्या. संगणकाचे नाव आणि नंबर लिहून न्या. दुकानात तीन प्रश्न विचारा. ही माझ्या संगणकाला बसेल का? सॅटा तारेची आहे की पाटीवर बसणारी एम-टू? वॉरंटी किती वर्षांची? किमती चढत-उतरत असतात, म्हणून दोन दुकानांत विचारा. पक्के बिल घ्या. बिलावरचा नंबर आणि डिस्कवरचा नंबर एकच आहे का, ते स्वतः वाचून पाहा. आता तुम्हाला वाचता येते.

मापाचेही सांगतो. धान्य मोजायला जशी पायली, तशी कोठी मोजायला जीबी. हजार एमबी म्हणजे एक जीबी. हजार जीबी म्हणजे एक टीबी. फोनचा एक फोटो ५ एमबीचा धरला तर १ टीबीत २ लाख फोटो मावतात. घरच्या हिशेबाला आणि फोटोंना ५०० जीबी पुष्कळ झाली.

पण ५०० ची डिस्क घरी आणून लावली की विंडोजचा संगणक ४६५ दाखवतो. तेव्हा माणूस म्हणतो, दुकानदाराने माप मारले! तसे नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो. विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. कोठीतले दाणे तेवढेच असतात. पायली मोठी घेतली की पायल्या कमी भरतात. १ टीबीची डिस्क याच कारणाने ९३१ जीबी दिसते. दुकानदाराशी भांडू नका.

आता बसवण्याचे काम. मोठ्या पेटीचा संगणक असेल तर हे काम घरी होते. लॅपटॉपचे काम नाजूक असते. ते जाणत्याला द्यावे, आणि आपण समोर बसावे.

संगणक बंद करा. भिंतीतली पिन काढा. नुसते बटन बंद करून भागत नाही. मग संगणकाचे चालू करायचे बटन एकदा दाबा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल.

पेटीच्या मागचे स्क्रू काढा. ते एका वाटीत ठेवा. बाजूचा पत्रा सरकवून काढा. आतल्या भागांना हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा. हिवाळ्यात लोकरीचे कपडे काढताना चटचट ठिणग्या उडतात ना? ती वीज आपल्या अंगावर असते. आपल्याला ती नुसती टोचते, पण नाजूक चिपला मारू शकते. लोखंडाला हात लावला की ती तेथे उतरते.

डिस्कला दोन तारा लागतात. एक अरुंद. ती हिरव्या पाटीकडून येते आणि मजकूर नेते-आणते. दुसरी रुंद. ती वीज देते. दोन्हींच्या तोंडाला आत एक वळण असते, म्हणून त्या एकाच बाजूने बसतात. बसत नसेल तर जोर करू नका. उलटी करून पाहा. तारा नीट बसल्या की डिस्क स्क्रूने घट्ट करा. पत्रा लावा. मग पिन लावा.

नवी डिस्क लावली की ती लगेच दिसत नाही. घाबरू नका. नव्या शेताला आधी धुरे घालावे लागतात. नव्या डिस्कलाही आधी आखणी करावी लागते. त्या आखणीला फॉरमॅट म्हणतात.

येथे सर्वांत मोठा धोका आहे. फॉरमॅट नव्या डिस्कवर केले तर आखणी होते. तेच जुन्या भरलेल्या डिस्कवर केले तर सगळे पुसले जाते. संगणक डिस्कची मोजणी शून्यापासून करतो. पहिली डिस्क ०, दुसरी डिस्क १. माणूस गोंधळतो. म्हणून 'फॉरमॅट' शब्द दिसला की हात थांबवा. डिस्क किती जीबीची आहे ते वाचा. जुनी कोणती, नवी कोणती, हे मोठ्याने बोला. मग बटन दाबा. संगणक चालवणारा मजकूर नव्या डिस्कवर नव्याने भरायचा असेल तर याहून सोपा उपाय आहे. तेवढा वेळ जुन्या डिस्कच्या तारा काढून ठेवा. जी जोडलेलीच नाही, ती पुसली कशी जाईल?

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कलही नव्या डिस्कवर करता येते. तिला क्लोन म्हणतात. त्यात सगळे जसेच्या तसे येते. मात्र कोणती डिस्क कोणीकडे जाते, हे तेथेही दोनदा वाचावे लागते.

आपल्या रस्त्यांवर पाट्या असतात, 'अति घाई, संकटात नेई.' तुम्ही वाचायला शिकलात तेव्हा अशाच पाट्या प्रथम वाचल्या. या कामालाही तीच पाटी लावा.

काम झाले. आता जुन्या डिस्कचे काय करावे? निदान महिनाभर तिला हात लावू नका. एखादा हिशेब राहून गेला, हे आठवायला वेळ लागतो. ती चांगली असेल तर बाहेरून तारेने लावायच्या डबीत बसवून नकलेसाठी वापरा. पण टकटक वाजणारी डिस्क नकलेला वापरू नका. आणि जुनी डिस्क तशीच भंगारवाल्याला देऊ नका. त्यात तुमचा आधार, पासबुक, घरच्या बायामुलांचे फोटो असतात. आधी जाणत्याकडून पूर्ण पुसून घ्या. नुसते कचऱ्याच्या डबीत टाकलेले पुन्हा काढता येते.

आता त्या काकाजींचे सांगून थांबतो. आम्ही त्यांना डिस्क घ्यायला लगेच पाठवले नाही. एक कोरा कागद दिला आणि म्हणालो, "संगणकात काय काय आहे, ते मुलाला विचारून तुमच्या हाताने लिहा." दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी आणली. अक्षर वाकडे होते, पण लागत होते. 'संत्राचा हिशेब ४ वर्ष. पोरीच्या लग्नाचे फोटो. बैल. नातवाचं बोलनं.' शेवटच्या ओळीशी बोट ठेवून आम्ही विचारले, "हे काय?" ते म्हणाले, "नातू पहिल्यांदा आबा म्हणाला, ते पोरानं फोनमध्ये धरलं होतं. मले तर माहीतच नव्हतं ते अजून आहे म्हणून. काल यादी करता करता सापडलं."

त्या यादीप्रमाणे त्यांच्या मुलाने नकला केल्या. प्रत्येक नकलेपुढे काकाजींनी स्वतः खूण केली. मग एसएसडी आणली. संगणक आता चहाच्या आधी उठतो. पण ती डिस्क फसली असती, तरी त्यांचे काही गेले नसते.

आमच्या वर्गाचेही आता बदलले आहे. तुमची पहिली पत्रे आम्ही तीन ठिकाणी ठेवतो. एक नक्कल संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर दुसऱ्याच्या घरी, आणि मूळ कागद पत्र्याच्या पेटीत. दर सहा महिन्यांनी पेटी आणि डिस्क दोन्ही उघडून पाहतो.

आज घरी गेलात की तुम्हीही एक कागद घ्या. घरच्या संगणकात आणि फोनमध्ये काय काय आहे, ते लिहा. जे गेले तर पुन्हा मिळणार नाही, त्यापुढे फुली मारा. पुढच्या वर्गाला तो कागद बरोबर आणा. नक्कल कशी करायची, ते आपण येथे बसून करून पाहू.

एवढे बोलून आम्ही थांबतो. राम राम.